कुठली तार

“भाऊजी, ह्याचं भिंतीवरचं घड्याळ करून द्या,” असं म्हणत भावजयीने जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते चाक कामाच्या टेबलावर ठेवलं आणि चादरीची गाठ सोडायच्या आधीच खुर्ची ओढून बसली, कारण जिना चढून तिला धाप लागली होती. दुकान खाली रस्त्यावर होतं आणि जोडणीची खोली वर. तिथे तो एकटाच असायचा. कारखान्यातून खोक्यात अर्धवट जोडून आलेल्या सायकली उभ्या करायच्या, हँडल सरळ करायचं, ब्रेक लावायचे, तयार चाकांना वाटेत आउट, म्हणजे वाकडेपणा, आला असेल तर तो काढायचा, एवढंच काम. भावजय या खोलीत यापूर्वी कधी आली नव्हती. “ह्यांचा पन्नासावा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली. “हॉल घेतलाय. सगळे जुने सायकलवाले मित्र येणार. म्हटलं, शर्ट आणि पाकिटं तर सगळेच देतात. माळा साफ करताना हे सापडलं. इतकं बांधूनबिंधून ठेवलंय म्हणजे शर्यतीतलंच असणार ना? मधे घड्याळाची मशीन बसवायची, कडेने बारा आकडे. तुमच्या हातचं असलं म्हणजे ह्यांना किती बरं वाटेल!”

गाठ सुटली, चादर बाजूला झाली आणि त्याने टायरसकट चाक उचललं. ओळख आधी हाताला पटली, डोळ्यांना नंतर. नेहमीच्या चाकाच्या अंदाजाने हाताने जोर लावला होता आणि चाक एकदम वर आलं, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं. इतकी हलकी रिम त्याने आयुष्यात दोनदाच स्पोकच्या तारा ओवून बांधली होती, एक पुढची आणि एक मागची. मग डोळे कामाला लागले. हवा भरायची नळी रिमच्या ज्या भोकातून बाहेर येते तिच्या दोन्ही अंगांच्या तारा एकमेकींपासून लांब, सरळ गेल्या पाहिजेत, म्हणजे पंपाचं तोंड आत शिरतं. चाक बांधणाऱ्याचा हा अगदी पहिला धडा. या चाकात नळीच्या बरोबर डोक्यावर दोन तारा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. सुरुवातीलाच एक भोक चुकलं होतं. अशी चूक करणारे जगात पुष्कळ असतील, पण इतक्या नाजूक रिमवर इतक्या एकसारख्या ताणाचं चाक बांधायचं आणि वर ही बाळबोध चूक करून ठेवायची, असा गाढव एकच होता आणि तो या खोलीत उभा होता. पण हे चाक इथे असणं शक्यच नव्हतं. हे चाक मोडलं होतं. घाटातल्या वळणावर ते बसलं, वाकून त्याचा आठाचा आकडा झाला आणि कुणीतरी ते दरीत भिरकावलं, असं त्याला सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून त्याच्या मनात ते त्या दरीतच होतं, झुडपांत अडकलेलं.

“चांगलं आहे ना?” भावजयीने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “चांगलं आहे.”

“मग झालं तर. आणि ह्यांना काही बोलू नका हं, सरप्राइज आहे.” तिने टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यायलं, खोलीभर नजर फिरवली, “इथे पंखा तरी बसवून घ्या हो मालकांकडून,” असं म्हणाली आणि जिना उतरून गेली. बिचारीच्या मनात काही नव्हतं. ती या घरात आली तेव्हा सगळं घडून जुनं झालेलं होतं, तिला मिळाली होती ती फक्त गोष्ट, आणि ती गोष्ट तिने इतरांसारखीच हसत ऐकली होती.

रिमा काकांच्या होत्या. वडील लवकर गेले, मग त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, दोघा पोरांना आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात हाताशी घेतलं. काका तरुणपणी शर्यतीत उतरलेले. त्या दिवसांतल्या दोन रिमा त्यांनी कधीच बांधल्या नाहीत. दुकानाच्या आढ्याला सुतळीने टांगून ठेवल्या होत्या आणि सुट्टीच्या दिवशी उतरवून मऊ फडक्याने पुसायचे. अॅल्युमिनियमच्या, आतून पोकळ, तारेच्या प्रत्येक भोकाला पितळेची बारीक कडी. नेहमीच्या रिमला टायर अडकवायला दोन्हीकडे खाच असते, हिला ती नव्हतीच, वर नुसती उथळ पन्हळ. हिचा टायरही निराळा, ट्यूब पोटात घालून टाके मारून बंद केलेला, नळीसारखा गोल, आणि तो त्या पन्हळीत गोंदाने चिकटवायचा. गोंद एकावर एक हात देत, प्रत्येक हात वाळू देत लावायचा. तो नीट बसला की टायर रिमचा होऊन जातो, नाही बसला तर वळणावर सरकून निसटतो. पंक्चर झालं की सगळं उसवायचं, ठिगळ लावायचं आणि परत शिवायचं. तिथे मग आईची गरज पडे. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची, टायर शिवणं तिला गंमत वाटे. मेण लावलेला निळा दोरा, जाड सुई, आणि थोड्या थोड्या टाक्यांनी एक टाका उलटा मागे घ्यायची तिची सवय. “पुढचा सुटला तरी मागचा धरून ठेवतो,” असं ती म्हणायची. शर्यतीतली पोरं हसायची, यांच्या घरी टायरला शिंपीण आहे म्हणून. पण टाके मागायला तीच पोरं रांगेने यायची.

धाकटा भाऊ सायकलवर बसणारा आणि तो चाकं बांधणारा, ही वाटणी कुणी केली नव्हती, आपसूक झाली. धाकट्याचे पाय लांब, छाती मोठी, आणि स्वतःवर खूश राहायची उपजत कला. चाकं बांधणाऱ्याच्या अंगात होती ती फक्त चिकाटी. तार टिचकीने वाजवायची, शेजारची वाजवायची, दोन्हींचा सूर एक लागेपर्यंत चावी फिरवायची, पाव फेराच, कधी त्याहून कमी. त्याला ते जमायचं, आणि आपल्याला ते जमतं हे त्याला फार बरं वाटायचं. काकांनी शेवटी एक दिवस सुतळी कापली आणि दोन्ही रिमा त्याच्या हातात दिल्या, शर्यतीत पळणाऱ्याच्या नाही, त्याच्या. “बांध,” एवढंच म्हणाले. त्या आनंदाच्या भरातच पुढच्या चाकाचं भोक चुकलं. सगळा ताण बसल्यावर, आउट पार गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं आणि तो डोक्याला हात लावून बसला. सगळं सोडून पुन्हा बांधायला तो तयार होता. धाकट्यानेच अडवलं. “राहू दे दादा, पंप तिरका लावीन. तेवढीच तुझी ओळख राहील.” ओळख राहिली खरी.

काकांच्या दुकानात एक शिरस्ता होता, आणि काका सगळ्या बाबतींत मवाळ असले तरी त्या एका बाबतीत कडक होते. चाक बांधणाऱ्याने टायरला हात लावायचा नाही. ज्याला त्यावर बसायचंय त्याने आपला गोंद आपण लावायचा, म्हणजे उतारावर मनात दुसऱ्याविषयी शंका राहत नाही. शर्यतीसाठी धाकट्याने दोन नवे कोरे टायर आणले होते, पुडक्यातून काढताना त्यांचा रबरी वास घरभर झाला. ही शर्यत मोठी होती. तिच्यात वर आला असता तर त्याला संघात घेणार होते, पगार, परदेश, सगळं. आदल्या दिवशी संध्याकाळी तो मित्रांबरोबर बाहेर गेला. निघताना दादाने विचारलं, “गोंद झाला का रे?” “झाला रे दादा, किती विचारशील!” दादाने टायर दाबून बघायला हात पुढे केलाही होता. मग शिरस्ता आठवला आणि त्याने हात मागे घेतला. मागे घेतलेला तो हात त्याला आजवर एकदाही आठवला नव्हता, आज आठवला.

शर्यत संपायच्या रेघेपाशी तो उभा होता, हातात पाण्याची बाटली आणि टॉवेल. एकेक जण येत गेले, धाकटा आला नाही. मग कुणीतरी सांगितलं, घाटात पडलाय, हॉस्पिटलात नेलंय. कमरेचं हाड, खांदा, चेहऱ्याची एक बाजू सोललेली. पांढऱ्या चादरीतून धाकटा म्हणाला, “दादा, चाक बसलं रे.” आणि दादाच्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो असा, “कुठली तार गेली?” भाऊ प्लास्टरमध्ये पडलाय आणि हा तारेची चौकशी करतोय! धाकट्याने डोळे मिटून घेतले. आई उशाशी होती, ती एकदम कडाडली, “आत्ता हे विचारायची वेळ आहे का?” लाजेने त्याला भुईत गडप व्हावंसं वाटलं. तो गुपचूप खाली औषधं आणायला गेला. त्यानंतर त्याने तो प्रश्न धाकट्याला कधीही विचारला नाही.

स्वतःला मात्र विचारत राहिला. नळीजवळची असेल का, जिथे आपण भोक चुकलो तिथली? की उजव्या अंगाची, जिला शेवटी थोडा ताण जास्त दिला होता? अंगठ्याने तर्जनीचं पेर चोळत तो मनातल्या मनात ते चाक पुन्हा बांधायचा, बसमध्ये, रांगेत, जेवताना. प्रत्येक वेळी चाक चांगलं बांधून व्हायचं आणि प्रत्येक वेळी ते वळणावर बसायचं. मागचं चाक धड परत आलं होतं. ते त्याने कटर घेऊन स्वतः कापलं, एकेक तार तटातट तोडली, आणि काकांची ती दुसरी रिम भंगारात दिली. काकांनी ते बघितलं. काकांचं म्हणणं असं की चाक मोडण्यात कमीपणा नाही, कुणाचंही मोडतं, पण का मोडलं ते ज्याला सांगता येत नाही त्याने दुसऱ्याच्या जिवासाठी चाक बांधू नये. ते त्याला पटलेलं होतं. त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने बांधणं सोडलं. ज्यांनी त्याच्याकडून चाकं बांधून घेतली होती त्यांनी ती हळूहळू दुसरीकडून तपासून घेतली. त्यात त्यांची तरी काय चूक? पुढे दुकान गेलं, त्याने ही जोडणीची नोकरी धरली, आणि कुणी हौशी माणूस जिना चढून वर आलाच तर तो खोक्यांकडे बोट दाखवून सांगू लागला, “आम्ही चाकं बांधत नाही, तयार येतात.” काका अंथरुणाला खिळले तेव्हा आई आणि तो आळीपाळीने त्यांच्यापाशी बसायचे. शेवटी शेवटी काकांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण एका दुपारी त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि अगदी धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “कुठली तार गेली रे ती?” आई पलीकडे बसून चमच्याने त्यांना पाणी देत होती. तो म्हणाला, “माहीत नाही, काका.” काकांनी मनगट सोडलं.

आणि धाकटा? धाकट्याने त्याला माफ केलं. अगदी मोठ्या मनाने, चारचौघांत, पुन्हा पुन्हा. हाड जुळल्यावर तो बँकेच्या परीक्षेला बसला, लागला, चढत गेला, त्याच्या अंगावर छान मांस आलं. घरात चार माणसं जमली की कुणीतरी जुन्या शर्यतीचा विषय काढायचं आणि धाकटा दादाच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, “ह्याचं चाक बसलं म्हणून तर मी खुर्चीत बसलो!” हशा पिकायचा. तोही हसायचा, सगळ्यांच्या थोडं आधी, म्हणजे वाईट वाटलेलं दिसू नये. खांद्यावरचा तो जड, ऊबदार हात त्याला आवडायचासुद्धा. इतकं नुकसान होऊनही भाऊ तोंड फिरवत नाही याचं त्याला कौतुक होतं, उपकार वाटायचे. भावाचं कुठलंही काम असो, सामान हलवायचं, नळ दुरुस्त करायचा, पहिला धावत जाणारा तोच. रात्री आई ताट वाढताना म्हणायची, “चूक माणसाच्या हातून होते रे. मी काही मनात ठेवलेलं नाही.” मनात ठेवलेलं नाही! आणि त्याचा घास घशाखाली उतरायचा तो त्या एका वाक्यावर.

त्याने चाक स्टँडला लावलं, रिमच्या कडेशी पट्टीचं टोक अगदी केसभर अंतरावर आणलं आणि चाक फिरवलं. टोक आणि रिम यांच्यामधली उजेडाची रेघ जाड झाली नाही, बारीक झाली नाही, जागची हललीच नाही. सर्वांत आधी त्याला आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. राग, दुःख, सगळं नंतर. आधी नुसता निखळ आनंद, हरवलेलं पोर धडधाकट दारात येऊन उभं राहिल्यासारखा. त्याने तारा वाजवून पाहिल्या. इतकी वर्षं माळ्यावर पडूनही उजव्या अंगाचा सूर एक होता आणि डाव्या अंगाचा एक. तो एकटाच मोठ्याने हसला. मग चाक थांबलं आणि रिमच्या कडेला एका ठिकाणी, वीतभर लांबीत, खरवडा दिसला. धातू रस्त्यावर घासला गेला होता. चाक मोडून असा खरवडा येत नाही, टायर निसटला आणि उघडी रिम डांबराला लागली की येतो. त्याने त्या जागी टायरला अंगठा लावला. टायर जराही कुरकुर न करता बाजूला झाला. खाली रिमची पन्हळ लखलखीत होती, आढ्याला टांगलेली असताना होती तशी, गोंदाचा डागसुद्धा नाही. पुढे गोंद होता, चांगला दगडासारखा वाळलेला, आणि तिथे मात्र टायर उपसायला त्याला दात-ओठ खावे लागले. म्हणजे एवढा तुकडा राहून गेला होता. मित्र खाली शीळ घालत असतील, हात भराभर फिरला असेल, राहिला एक पट्टा.

हे त्याला समजू शकत होतं. तरणं पोर, घाई झाली, राहिलं. एवढं तर तो त्याच क्षणी माफ करायला निघाला होता, माफ करायची त्याला सवय नव्हती तरी. पण त्यानंतरचं? प्रत्येक वेळी खांद्यावर हात टाकताना धाकट्याला ठाऊक होतं. हशा पिकायच्या आधी, पिकत असताना, पिकून गेल्यावर. आणि तरी त्याने चाक फेकून दिलं नाही, बांधून माळ्यावर ठेवलं, म्हणजे घरातल्या घरात त्याचंही काही दुखत असणार. दुखत असेल तर दुखू दे, त्याला वाटलं, मला काय त्याचं. या विचाराने त्याला जरा बळ आलं. निदान आता माणूस कळला होता, चोर सापडला होता. घरी जाऊन आईला सांगायचं, आई, तुझ्या लाडक्याने काय केलं बघ. आई थरथरेल, रडेल, म्हणेल, माझ्या पोरा, तू इतकी वर्षं विनाकारण झुरलास. तिने असं म्हणावं याची त्याला इतकी तहान लागली होती की सगळा जोर लावून त्याने उरलेला टायर रिमवरून सोडवला आणि उलटा केला.

टायरच्या पोटाशी कारखान्याचा पांढरा दोरा गोल फिरत आला होता. ज्या तुकड्याला गोंद नव्हता तिथे शिवणीवरची कापडी पट्टी फाटलेली होती, खाली शिवण उसवलेली असणार, पण तसं दिसत नव्हतं. तिथे निळा दोरा होता, मेणाचा, घट्ट. त्याने नखाने टाके चाचपले. एक, दुसरा, आणखी एक, मग एक उलटा मागे. परत तसंच. टायर नवा कोरा होता, शर्यतीच्या आधी त्याला सुई लागायचं कारणच नव्हतं, आणि शर्यतीनंतर, सांगितलं होतं ते खरं असेल तर, तो दरीत होता. त्याने टायर खाली ठेवला. परत उचलला. खिडकीखालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते आणि कुणीतरी “येऊ द्या, येऊ द्या” असं ओरडत होतं. तो सायकलीच्या खोक्यावर बसला. धाकट्याचं लबाड असणं एकदम किरकोळ होऊन गेलं. चूक माणसाच्या हातून होते रे. मी काही मनात ठेवलेलं नाही. ताटात पडणारा तो शेवटचा, आग्रहाचा घास. ती एकेक गोष्ट परत आली आणि प्रत्येकीची आतली बाजू त्याला दिसली. आपल्याला न केलेल्या गुन्ह्याची माफी रोज वाढली गेली आणि आपण ती चाटूनपुसून खाल्ली.

तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती. “भाऊजी, आकडे सोनेरी बरे दिसतील की काळे?”

“त्याला सांग, चाक माझ्याकडे आहे.”

“अहो, मग सरप्राइज कसलं राहिलं?”

“राहील,” तो म्हणाला. “घड्याळ होणार नाही पण. धड चाकाचं कुणी घड्याळ करत नाही. त्याला एवढंच सांग, दादा म्हणाला, चाक धड आहे.”

“तुमच्या आवाजात काही बरं वाटत नाहीये हो. जेवलात का?” तिने विचारलं, आणि त्या साध्या प्रश्नाने त्याचे डोळे भरून आले, म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

टायर खांद्याला अडकवून तो घरी निघाला. संध्याकाळची वेळ, दुकानांचे दिवे लागत होते, माणसं आपापल्या घाईत होती. त्याला वाटेत दोनदा थांबावंसं वाटलं. न विचारताही जगता येईल, असं मनात आलं. आई थकली आहे, एका डोळ्याने धूसर दिसतं, राहिलेत किती दिवस? समजूतदारपणा त्याच्या अंगात मुरलेला होता. आपण समजूतदार, हे त्याला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की ते स्वतःचं आहे की शिकवलेलं हे तपासायची कधी वेळच आली नव्हती. दार लोटलेलं होतं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत उशीच्या अभ्र्याची कड दुमडत बसली होती. अजूनही कुणाकुणाचं बारीकसारीक शिवून द्यायची, हात रिकामे राहिले की बिथरतात म्हणायची.

“आज लवकर?” ती म्हणाली. “हे काय आणलंस?”

“बघ,” म्हणून त्याने टायर तिच्या मांडीवर ठेवला.

तिने चष्मा सारखा केला, पण बघितलं बोटांनीच. टायर फिरवत फिरवत अंगठा निळ्या दोऱ्यावर आला, टाक्याटाक्याने पुढे गेला आणि उलट्या टाक्यापाशी थांबला. हे कुणाचं, कुठलं, असं तिने काही विचारलं नाही. चष्मा काढून तिने तो अभ्र्यावर ठेवला.

“त्याला दहादा म्हटलं होतं, टाकून दे म्हणून,” ती म्हणाली.

त्याला वाटलं होतं, ती रडेल. “तुला कधी कळलं?”

“हॉस्पिटलातच. तू खाली औषधं आणायला गेला होतास. म्हणाला, आई, गोंद माझाच राहिला, दादाला सांगू नकोस, काकांना सांगू नकोस. कसा रडत होता, तू बघितलं नाहीस. सगळंच गेलं होतं रे त्याचं. वर हेही त्याच्याच माथी मारायचं?”

“म्हणून माझ्या माथी मारलंस.”

“तू उभा होतास ना,” ती म्हणाली. त्यात कावा नव्हता, ती जे वाटलं होतं तेच सांगत होती. “तो आडवा पडलेला आणि तू उभा. मला वाटलं, एक चाक मोडलं तर तुला किती वाईट वाटेल? चार दिवस. मग बांधशील दुसरं.”

“नाही बांधलं. तेव्हा?”

आईने अभ्र्याची कड उगाच ओढून सरळ केली. “आज सांगीन, उद्या सांगीन. मग वाटलं, आता सांगितलं तर तू आम्हां दोघांनाही तोडशील. तू गेला असतास तर मी कुणाकडे राहिले असते? त्याच्याकडे माझं एक दिवस तरी जमलं असतं का?”

हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की त्याला ओरडताही येईना. त्याने विचारलं, “आणि हे शिवलंस कशाला? लपवायचंच होतं ना?”

“फाटलं होतं,” आई म्हणाली.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री त्याने उचलली, टायर तिच्या मांडीवरून आपल्याकडे ओढला आणि पहिल्या निळ्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं. मेणाने दोरा कडक झाला होता, तुटताना बारीक आवाज करत होता. आईने अडवलं नाही. थोड्या वेळाने तिने हात लांब करून खिडकीवरचा दिवा त्याच्या बाजूला वळवला आणि तुटून पडणारे दोऱ्याचे तुकडे, जन्माच्या सवयीने, वेचून आपल्या तळहातावर ठेवू लागली. उलटे टाके सोडवायला वेळ लागत होता. एक उसवला आणि फटीतून घाटातली बारीक खडी जमिनीवर सांडली.

“काकांनी विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस,” तो म्हणाला. “पाणी देत होतीस.”

आईचा हात थांबला. “होते,” ती म्हणाली.

“एकही नाही,” तो म्हणाला. ते आईला नव्हतं. “काका, एकही तार गेली नव्हती.”

आई तळहातावरचे दोरे तसेच धरून बसली होती. त्याने कात्री पुढच्या टाक्याला लावली.